ठेवणीतला पलंग

आमच्या स्ट्रॅथकेर्न गावात प्रत्येक घरात एक खोली अशी असते, जिच्यात कुणी जात नाही. तिला भूतबाधा नसते, तिचं छत गळत नसतं. उलट घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची, रस्त्याकडे तोंड करून असलेली खोली तीच. चांगला सोफा तिथे, चांगला गालिचा तिथे, काचेच्या कपाटात चांगले कप तिथे. ती ठेवणीतली खोली. पाद्री आले किंवा घरातलं कुणी वारलं, तरच ती उघडायची. बाकी वर्षभर सगळं कुटुंब स्वयंपाकघरात एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं खुपसून जेवतं आणि भिंतीपलीकडे सोफा एकटाच ऐसपैस बसलेला असतो.

ही रीत नेटा पेट्रीने काढलेली नाही. पण ती रीत बाई होऊन जन्माला आली असती, तर हुबेहूब नेटासारखी दिसली असती. बुटकी, ताठ, मानेवर करडा अंबाडा आणि तोंडात कायम टाचण्या. टाचण्या तोंडात असताना नेटा बोलते, हसते, भांडते, वेळ पडली तर गातेही. तिच्या घरी हातरुमालसुद्धा दोन जातींचे आहेत: नाक पुसायचे आणि न पुसायचे. लग्नात आलेला चहाचा संच अजून खोक्यातल्या गवतात निजलेला आहे. चांगला कोट तिने चांगल्या हवेसाठी राखून ठेवला, आणि आमच्याकडची हवा बघता त्या कोटाने अजून गावातला पूल पाहिलेला नाही.

तिचा नवरा डॉड जन्मभर बस चालवून निवृत्त झाला. मोठा शांत माणूस. तो म्हणतो, "माझ्या घरात मी उतारू आहे, वॉटी. बसायला जागा आहे, पण राखीव."

वॉटी म्हणजे मी. मी किल्ल्यावर पहारेकरी आहे. पहारेकरी म्हणजे रंगीत चौकड्यांची विजार घालून पर्यटकांना स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगणारा माणूस.

नेटाचे वडील लिनोलियमच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या मेणकापडाच्या, कारखान्यात होते, त्यामुळे घरभर जवसाच्या तेलाचा वास आणि पायाखाली कायम गुळगुळीत जमीन. पोर मऊ वस्तूंच्या मागे लागली यात नवल नाही. शाळा सुटल्याबरोबर ती पुलाजवळच्या फर्निचरच्या दुकानात शिवणाला बसली आणि दुकान बंद पडेपर्यंत उठली नाही. सोफ्यांची आवरणं, खुर्च्यांच्या गाद्या, पडदे, झालरी. गावातली कुठलीही नवरी नेटाने शिवलेल्या आवरणांशिवाय सासरी गेली नाही. नवरदेव बदलला तरी चालेल, पण आवरणांचं काम नेटाकडेच.

दुकान बंद झालं त्याच सुमारास किल्ल्याचं भाग्य उजळलं. आमचा किल्ला राजाचा खरा, पण राजे गेल्यावर तिथे सैनिक येऊन राहिले. राण्यांच्या दालनांत त्यांनी लोखंडी खाटा टाकल्या, भिंतींना पाण्याच्या टाकीला लावतात तो हिरवा रंग फासला आणि शेकोटीच्या नक्षीदार चौकटीवर मोजे वाळत घातले. सैनिकही गेल्यावर सरकारने ठरवलं की राजवाडा आतून पुन्हा पहिल्यासारखा सजवायचा. रंगारी आले, सुतार आले, विणकर आले. छताला निळा आणि सोनेरी रंग चढला, भिंती डाळिंबासारख्या लाल झाल्या, दारांवर हिरव्या वेली आल्या. आम्ही करड्या दगडात वाढलेली माणसं. गावकरी पहिल्यांदा बघायला आले ते डोळे किलकिले करून उभे राहिले. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "छान आहे. आइस्क्रीम कुठे मिळतं?"

ह्या सजावटीचे मुख्य होते मिस्टर डॅलरिम्पल. एडिनबरोचे. अंगाने काडी, मनाने लोणी, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत पडदे लावायची सवय. त्यांनी किल्ल्याच्या शिवणखोलीत नेटाला घेतलं आणि राणीच्या पलंगाचं काम दिलं. ओक लाकडाचे चार कोरीव खांब, वर छत, चारी बाजूंनी किरमिजी मखमलीचे पडदे, त्यांना हिरवं अस्तर, खाली झालर. आणि सगळ्यांत वर पलंगपोस. त्यावर आमच्या राजांचा, कपाळावर एकच शिंग असलेला पांढरा घोडा, गळ्यात सोन्याची साखळी.

पहिल्याच दिवशी डॅलरिम्पलनी तिला समजावलं, "राणी या पलंगावर झोपत नसे, मिसेस पेट्री. हा मानाचा पलंग. आल्यागेल्याला दाखवायचा. तिची निजायची खोली मागे होती, छोटीशी."

नेटाने तोंडातल्या टाचण्या काढल्या. एवढं ती फक्त चर्चमध्ये आणि दातांच्या डॉक्टरकडे करते.

"म्हणजे ठेवणीतला पलंग?"

"हो... तसंही म्हणता येईल."

"शहाणी बाई," नेटा म्हणाली आणि टाचण्या परत तोंडात घातल्या.

त्या दिवसापासून राणी आणि नेटा मैत्रिणी झाल्या. "तिला हा हिरवा चालला नसता," नेटा मला सांगायची. "ती मला म्हणाली असती, नेटा, जरा गडद घे." राणीला जाऊन चारेकशे वर्षं झाली होती, पण नेटाच्या तोंडी ती नुकतीच भाजी आणायला गेल्यासारखी असायची.

पडद्यांना मदतीला बाकीच्या बायका होत्या. पलंगपोसाला मात्र नेटाने कुणाला हात लावू दिला नाही. त्यातही घोड्याची साखळी. ती तिने कलाबतूच्या सोनेरी तारेने भरली, कडी न् कडी उठावाची, गळ्यापासून वळणं घेत घेत थेट पुढच्या काठापर्यंत उतरलेली. उजेड पडला की साखळी आत्ता खळखळेल असं वाटायचं. त्या साखळीने तिचे डोळे खाल्ले. डॉक्टरांनी सांगून टाकलं की यानंतर बारीक काम बंद, फार तर साधी टीप. घरी येऊन ती डॉडला म्हणाली, "हे माझं शेवटचं, डॉड. हे तिथे दिसायला हवं. मी नसले तरी दिसायला हवं."

डॉडने हे मला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ ग्लासातल्या फेसाकडे बघत होता. डॉड हळवा झाला की असा फेसाकडे बघतो.

आणि मग डॅलरिम्पलनी बॉम्ब टाकला. दालनं उघडायला थोडे दिवस राहिले असताना त्यांनी आम्हा सगळ्यांना राणीच्या खोलीत जमवलं आणि हवेत चार-पाच पडदे लावून सांगितलं, "इथे दोर बांधायचे नाहीत. 'हात लावू नका' अशा पाट्या नाहीत. अहो, इथलं सगळं आपण नवं बनवलंय, पुरातन असं काही नाहीच! लोकांना पडदे ओढू द्या, पलंगावर बसू द्या. राजवाडा जिवंत झाला पाहिजे!"

"होऊ दे की जिवंत," नेटा म्हणाली. "लांबून होऊ दे."

"मिसेस पेट्री, लांबून बघायला चित्रं आहेतच."

"माणसं खाली बाजारात खिम्याच्या करंज्या खातात, मिस्टर डॅलरिम्पल. खाऊन झालं की बोटं चाटतात. चाटून उरलेलं तूप कुठे पुसतात? तुमच्या भाषणाला?"

"आपण दाराशी हात पुसायला कागद ठेवू."

"राणीने बसू दिलं असतं का कुणाला? विचारा तिला!"

डॅलरिम्पलनी आढ्याकडे पाहिलं. राणीला विचारायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी नेटाने पडदे, झालर, पलंगपोस, सगळं पेटीत भरलं आणि पेटीवर बसली. डबा तिथेच खाल्ला, चहा तिथेच प्यायली. डॅलरिम्पल तीनदा आले, तीनदा गेले. चौथ्यांदा आले ते एक कापड घेऊन. नाटकांचे पडदे करणाऱ्या ग्लासगोच्या कुणाकडून त्यांनी छापील नमुना मागवला होता, घोड्यासकट. "मला हे लावायची इच्छा नाही," ते अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. "पण उघडा पलंग दाखवता येणार नाही. हे धुता येतं, मळलं तर दुसरं छापता येतं. तुमचं द्या, नाहीतर मला हे लावावं लागेल."

नेटाने नमुना डोळ्यांजवळ धरला.

"ही शेळी आहे," ती म्हणाली. "कुणीतरी हिच्या कपाळात गाजर ठोकलंय."

"मिसेस पेट्री..."

"आणि हिला ते दुखतंय."

पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तिचं काम पेटीत राहणार आणि राणीच्या पलंगावर शेळी चढणार, हे तिला दिसायला लागलं होतं. त्या संध्याकाळी डॉड मला म्हणाला, "लावलं तर लोक मळवतील म्हणून ती जेवत नाही. न लावलं तर शेळी लागेल म्हणून जेवत नाही. दोन्हीकडून खिमा मलाच संपवावा लागतोय."

शेवटी तह झाला. नेटा सगळं लावणार, दोर बांधणार नाही, पाटी ठेवणार नाही. पण दालनं रीतसर उघडण्याआधी काही दिवस मोजक्या पर्यटकांना आत सोडून बघायचं होतं, त्या दिवसांत ती स्वतः पलंगाशेजारी उभी राहणार. मग पुढचं ठरवू. डॅलरिम्पलना वाटलं, ती लोकांना माहिती सांगेल. त्यांनी आनंदाने मान डोलावली. एडिनबरोच्या माणसांचं हे असं असतं.

पहिल्या दिवशी नेटा आली ती शिवणखोलीतला लांब झगा अंगावर, कमरेला कात्री, बोटात अंगुस्ताना आणि हातात गजाची लाकडी पट्टी. डोक्याला धूळ बसू नये म्हणून पांढरं फडकं. मी दाराशी. पहिला घोळका यॉर्कशरच्या लोकांचा. त्यांतला एक गुबगुबीत गृहस्थ थेट पलंगाकडे निघाला, वळला, आणि टेकण्यासाठी अर्धा खाली गेला.

फटाक!

पट्टी लाकडी खांबावर बसली, गृहस्थांवर नाही. पण ते उडाले असे की जणू त्यांच्यावरच बसली.

"उठ! बूड कुठे ठेवतोयस? घरी आई असं बसू देते तुला?"

"मला वाटलं, चालतं..."

"चालत जा तू, तेच चालतं. आणि ती बाई! हो तुम्हीच, पिवळं जाकीट! पडद्याला नाक पुसायला आलात का एवढ्या लांबून?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्या घोळक्याने टाळ्या वाजवल्या.

झालं होतं असं की बाकीच्या दालनांत डॅलरिम्पलनी जुन्या वेषातले नट उभे केले होते. एक सरदार, एक खजिनदार, ल्यूट वाजवणारा एक सडपातळ पोरगा. लोकांना वाटलं, ही राणीची दासी. झगा, कात्री, फडकं, सगळं जुळत होतं. आणि तिचं काम बाकीच्यांपेक्षा फारच सरस होत होतं, कारण ती काम करतच नव्हती. दुपारपर्यंत बातमी खालच्या चौकात पोचली. लोक मुद्दाम ओरडून घ्यायला येऊ लागले. लांबून बोट पुढे करायचे आणि नेटाची पट्टी वाजली की खिदळायचे. यॉर्कशरचे गृहस्थ पुन्हा आले, बायकोला दाखवायला.

"हिनेच मला हाकललं," ते अभिमानाने सांगत होते.

"अजून हाकलते!" नेटा म्हणाली.

डॅलरिम्पल दारात उभे राहून थरथरत होते, आनंदाने. "वॉटी, हे अद्भुत आहे! ह्या रोज करतील का?"

"साहेब, ह्या रोजच करतात," मी म्हणालो. "विचारा डॉडला."

तर नेटा जिंकली होती. पडदे लागले होते, शेळी परत गेली होती, आणि पलंगपोसावर माशीसुद्धा बसली नव्हती. दुपारचा चहा तिने पट्टी काखेत धरून घेतला. गाल लाल झाले होते. "बघितलंस ना, वॉटी? माणसांना धाक लागतो. दोराची गरजच काय?"

तेवढ्यात आयसा रेनी आली.

आयसा म्हणजे नेटाची बालमैत्रीण आणि जन्माची शत्रू. चर्चच्या केक-स्पर्धेत दोघी एकमेकींना दुसरा नंबर देतात. आयसाने पलंगाभोवती एक फेरी मारली, वाकून झालर बघितली, चष्मा काढून साखळी बघितली.

"बरं केलंयस," ती म्हणाली. आयसाच्या तोंडून हे म्हणजे राजदरबारी सत्कार.

"हात मागे, आयसा."

"लावत नाहीये गं, बये. मला काय कळत नाही? तू माझ्या लग्नात सोफ्याला आवरणं शिवली होतीस, निळी, गुलाबांची. अजून तशीच्या तशी आहेत. नव्यासारखी!"

"खरंच?" नेटा फुलली. "रंग गेला नाही?"

"जाईल कसा? त्यावर चादर असते. चादरीवर प्लॅस्टिक. माझा जॉक गेला बिचारा, पण एकदासुद्धा त्यावर टेकला नाही. इतका गुणी होता."

"चांगलं केलंस," नेटा म्हणाली. मग जरा थांबून, "आणि बेअर्डबाईंकडचे पडदे? ते जांभळे?"

"ते होय? लावले त्याच दिवशी काढून ठेवले. ऊन लागेल म्हणून. माळ्यावर आहेत."

"डाकघराजवळच्या दोघी बहिणी? त्यांच्या खुर्च्या?"

"कागदात. चारी पायांसकट."

नेटाने माझ्याकडे पाहिलं. मला गप्प बसवेना. "आमच्या आईच्या उशांचे अभ्रे कपाटात आहेत, नेटा. पातळ कागदात घालून. आई वर्षातून एकदा काढून बघते. छान दिसतात."

नेटाच्या हातातली पट्टी हळूहळू खाली आली. तिच्या डोळ्यांसमोर, मला वाटतं, सगळं गाव येत होतं. एकेक घर, एकेक ठेवणीतली खोली, आणि प्रत्येकीत तिचं आयुष्य प्लॅस्टिकखाली झोपलेलं.

"म्हणजे ह्या गावात," ती म्हणाली, "माझ्या हातच्या कामावर कुणी बसलंच नाही?"

"अगं, मान ठेवला आम्ही तुझा!"

"मान कसला, आयसा? मी ते बसण्यासाठी शिवलं होतं. शिवण दुहेरी घातली होती. पोरं नाचतील म्हणून!"

"पोरं? त्या खोलीत?" आयसा शहारली. "माझी ॲबरडीनची पुतणी येऊन गेली परवा. म्हणाली, आत्या, तू गेलीस की हा सोफा मी नगरपालिकेच्या गाडीत टाकणार, दारातून वळत नाही. म्हटलं टाक बाई. निदान कोरा जाईल."

 तिकडे घोळका दाराशी वाट बघत उभा होता, आता ही कुणावर ओरडते म्हणून. नेटाने पलंगाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं मला सांगता येणार नाही, पण घोळक्यातला एकजण खोकला आणि ओशाळून गप्प झाला.

"आयसा, बूट काढ."

"का?"

"बस."

"कुठे?"

"माझ्या डोक्यावर! पलंगावर बस, दुसरं काय आहे इथे?"

"राणीच्या? नेटा, तुला चक्कर येतेय का? वॉटी, हिला पाणी दे."

"राणी येत नाहीये आज. तिला झोपायचं होतं तेव्हा ती मागच्या खोलीत जाऊन झोपली. बस म्हणते ना!"

आयसाने बूट काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते तिने दुसऱ्या पायाने झाकलं. मग टाचा उचलून, देवाचं नाव घेऊन, ती राणीच्या पलंगावर बसली. पाय जमिनीला पोचेनात. टाळ्या पडल्या, पण जरा बिचकत.

"कसं वाटतंय?" नेटाने विचारलं. तिचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

आयसा इकडून तिकडे सरकली. तोंड वाकडं केलं.

"खरं सांगू?"

"सांग."

"टोचतंय."

"काय टोचतंय?"

"ती तुझी साखळी. बरोब्बर मांडीखाली येते. बघायला सोन्याची आहे गं, पण बसायला काट्याचं कुंपण."

मला वाटलं, आता पट्टी वाजणार, आणि खांबावर नाही. पण नेटाने पट्टी भिंतीला टेकवली, बूट काढले आणि आयसाशेजारी चढून बसली. जिने तो पलंगपोस एवढा काळ मांडीवर घेतला होता, ती त्याच्यावर आज पहिल्यांदा बसली. ती थोडी डावीकडे झाली, थोडी उजवीकडे झाली. मग एकदम उठली आणि मागून झगा चोळला.

"टोचतं की!" ती म्हणाली. "मेलं चांगलंच टोचतं!" आणि पुन्हा टेकून हसायला लागली. आयसाही लागली. दोघी हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि पडल्या की टोचत होतं, म्हणून आणखी हसत होत्या.

मग नेटाने कमरेची कात्री काढली. घोळक्यातून कुणीतरी "अहो नको!" असं ओरडलं, आणि मीही एक पाऊल पुढे टाकलं. पण तिने काठाकडची पहिली कडी उसवलीसुद्धा. "गळ्याजवळची राहू दे, तिथे कुणी बसत नाही," ती आयसाला सांगत होती. "खालच्या कड्या रेशमाने भरते. पिवळं रेशीम आहे माझ्याकडे, मऊ. जाड सुईने जमेल मला. आयसा, तू तो काठ धर. नीट ताणून धर, तुझ्या केकसारखं मध्ये बसवू नकोस. दुसरा काठ... ए यॉर्कशर!"

"मी?" गुबगुबीत गृहस्थांनी छातीवर हात ठेवला.

"हात पुसलेस?"

"पुसले."

"मग इकडे ये. बूट काढ. बस, आणि धर."

गृहस्थांनी बूट काढून बायकोच्या हातात दिले आणि पलंगावर असे बसले की राज्याभिषेकच चाललाय. त्यांच्या मागून पिवळं जाकीट आलं, उजेडासाठी पडदा ओढून धरायला. दुसऱ्या कुणीतरी कलाबतूचे तुकडे झेलायला ओंजळ केली, आणखी काहीजण बूट काढून चढले. मीही, माझी चौकड्यांची विजार सांभाळत, उशाकडे जागा धरली.

आवाज ऐकून डॅलरिम्पल धावत आले. राणीच्या पलंगावर आठ-नऊ माणसं मोज्यांवर, मधोमध नेटा डोळ्याशी सुई धरून, आणि घोड्याची साखळी अर्धी उसवलेली. त्यांचे दोन्ही हात पडदे लावायला वर गेले आणि वरच राहिले.

"मिसेस पेट्री... हे काय?"

"जिवंत करतेय," नेटा मान वर न करता म्हणाली. "उभे का? बसा की. सरक रे वॉटी."

ते बसले. आणि ताबडतोब उठले.

"टोचलं!"

"तेच तर काढतेय," नेटा म्हणाली. "तुम्ही जरा दिवा धरा."